एकच सेन्सर, दोन फोन

२२ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्लीत पोको एफ१ नावाचा फोन बाजारात उतरला आणि मोबाइलवेड्या मंडळींची झोप उडाली. शाओमीच्या या नव्या उपब्रँडने स्नॅपड्रॅगन ८४५ हा क्वालकॉमचा त्या वर्षीचा सगळ्यात तगडा प्रोसेसर, ६ जीबी रॅम आणि ४,००० एमएएचची बॅटरी एवढा ऐवज २०,९९९ रुपयांत देऊ केला होता. हाच प्रोसेसर असलेले इतर कंपन्यांचे फोन तेव्हा तीस हजारांच्या आसपास सुरू होत आणि पुढे कुठवर जात याला धरबंध नव्हता. जेमतेम दीड महिन्याने, ९ ऑक्टोबरला, गूगलने पिक्सेल ३ जाहीर केला. प्रोसेसर तोच. रॅम मात्र ४ जीबी आणि बॅटरी २,९१५ एमएएच. भारतातली किंमत ७१,००० रुपये.

कागदावर पाहिलं तर हा चक्क आचरटपणा होता. तिपटीहून जास्त पैसे मोजा आणि रॅम कमी, बॅटरी कमी घ्या! त्यातून दोन्ही फोनच्या मागच्या मुख्य कॅमेऱ्यातला सेन्सरसुद्धा एकच होता, सोनीचा १२ मेगापिक्सेलचा आयएमएक्स ३६३. दुपारच्या लख्ख उन्हात दोन्ही फोनांनी काढलेले फोटो शेजारी शेजारी ठेवले, तर फरक शोधायला डोळे बारीक करावे लागत. दिवेलागण झाली की चित्र पालटायचं. पोकोच्या फोटोत चेहऱ्यावर कोणी बोळा फिरवल्यासारखा गुळगुळीतपणा यायचा, आकाशात रवाळ दाणे उठायचे आणि दुकानाची पाटी म्हणजे नुसता पांढरा डाग व्हायचा. पिक्सेलच्या फोटोत पाटीवरची अक्षरं वाचता यायची.

हा फरक पडला तो आज्ञावलीमुळे. स्टॅनफर्ड विद्यापीठात संगणकीय छायाचित्रणावर वर्षानुवर्षं काम केलेले मार्क लेव्हॉय तेव्हा गूगलमध्ये होते आणि त्यांच्या गटाने एचडीआर प्लस नावाची पद्धत घडवली होती. २०१३ च्या नेक्सस ५ फोनवर ती पहिल्यांदा लोकांच्या हाती आली. फोनचा सेन्सर नखाएवढाही नसतो, त्यामुळे कमी उजेडात त्याच्यावर पडणारा प्रकाश तुटपुंजा असतो आणि चित्रात दाणे उठतात. हे दाणे दर फोटोत वेगळ्या जागी येतात, पाटीवरचं अक्षर मात्र त्याच जागी राहतं. मग एक फोटो काढण्याऐवजी झटपट आठ-दहा काढायचे, तेही मुद्दाम थोडे काळपट, म्हणजे दिव्याची जागा जळून पांढरी होणार नाही. मग हात हलल्यामुळे झालेली सरक तुकड्या-तुकड्याने जुळवून घ्यायची आणि सगळ्यांची सरासरी काढायची. नऊ फोटो एकत्र केले की दाणे साधारण एक तृतीयांशावर येतात. शेवटी काळपट भाग उजळायचा. बटण दाबणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही, त्याला एकच फोटो दिसतो.

नोव्हेंबर २०१८ मध्ये याच पद्धतीला ताणून गूगलने नाइट साइट आणलं. फोन आधी हात किती थरथरतोय आणि समोरचं दृश्य किती हलतंय ते मोजतो, त्यावरून किती फोटो आणि प्रत्येकी किती वेळ हे ठरवतो, आणि मग पंधरापर्यंत फोटोंची बेरीज करतो. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. ही सोय नव्या पिक्सेल ३ बरोबरच २०१६ च्या पहिल्या पिक्सेललाही मिळाली. दोन वर्षं वापरलेल्या, कडांना टोचे पडलेल्या फोनला एका अपडेटनंतर अंधारात दिसू लागलं. आतला एक स्क्रूसुद्धा बदलला नव्हता.

पोको घेतलेल्यांनी काय केलं? त्यांनी गूगलचं कॅमेरा अ‍ॅपच, म्हणजे जीकॅम, उचललं. जगभरचे हौशी प्रोग्रॅमर ते अ‍ॅप उलगडून इतर फोनांवर चालेल असं करून देत होते, आणि पोकोवर ते फार खटपट न करता बसत होतं. ‘जीकॅम टाकलास का?’ हा त्या काळी पोको घेतलेल्याला विचारायचा पहिला प्रश्न होता. तोच फोन, तेच भिंग, तोच सेन्सर. अ‍ॅप बदललं आणि रात्रीच्या फोटोत पाटी वाचता येऊ लागली. सेन्सरला जे जमत होतं ते पोकोच्या स्वतःच्या अ‍ॅपने त्याच्याकडून काढून घेतलं नव्हतं, हे यातून उघडं पडलं.

अर्थात दोन्ही फोन तंतोतंत सारखे झाले असं नाही. पिक्सेलच्या भिंगाला हाताची थरथर झेलणारी यांत्रिक व्यवस्था होती, पोकोला नव्हती. पिक्सेलमध्ये चित्रप्रक्रियेसाठी वेगळी चिप होती, त्यामुळे पोकोवर जीकॅम फोटो शिजवायला वेळ घ्यायचा. आणि पिक्सेलचा कंजूषपणाही अंगाशी आला. अवघ्या ४ जीबी रॅममुळे कॅमेरा उघडला की मागे चालू असलेलं गाणं बंद पडतं, अशी बोंब सुरुवातीच्या ग्राहकांनी ठोकली आणि गूगलला दुरुस्तीचं अपडेट काढावं लागलं. ७१ हजारांच्या फोनवर गाणं बंद पडावं आणि २१ हजारांच्या फोनवर ते बिनघोर चालू राहावं, यात गूगलच्या हुशारीचं कौतुक करणाऱ्यांसाठी चांगलाच चिमटा होता. आज्ञावली कितीही अक्कलवान असली तरी तिला बसायला जागा लागते.

याच पोकोची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. फोनचा पडदा फुल एचडीहून सरस, पण त्यावर नेटफ्लिक्स लावलं तर चित्र धूसर. कारण होतं वाइडवाइन. चित्रपट चोरीला जाऊ नयेत म्हणून वापरली जाणारी ही कुलपाची व्यवस्था आहे आणि तिच्या पायऱ्या आहेत. सगळ्यात वरच्या, एल१ पायरीवर चित्रपट उलगडण्याचं काम प्रोसेसरच्या बंदिस्त, सुरक्षित भागात होतं. सगळ्यात खालच्या एल३ वर ते साध्या आज्ञावलीत होतं. एल३ असेल तर चित्रपट कंपन्या उच्च दर्जाचं चित्र सोडतच नाहीत. स्नॅपड्रॅगन ८४५ मध्ये तो सुरक्षित भाग होता. पोकोने फोन विकताना एल१ ची सोय केली नव्हती. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला अपडेट आलं आणि त्याच पडद्यावर चित्र स्वच्छ दिसू लागलं. म्हणजे कित्येक महिने लोक पैसे देऊन घेतलेल्या पडद्याचा निम्माच उपयोग करत होते, आणि खोक्यावर छापलेल्या यादीत याचा मागमूस नव्हता.

ती यादी नीट वाचली तर एक गोष्ट लक्षात येते. प्रोसेसर, रॅम, पडदा, सेन्सर, बॅटरी ही बहुतेक कंपन्यांच्या बाबतीत खरेदीची यादी असते. जगात फोनच्या कॅमेऱ्याचे सेन्सर बनवणारे सोनी आणि सॅमसंग हे दोन मोठे. प्रगत चिप प्रत्यक्ष छापणारे कारखाने तैवानच्या टीएसएमसीचे, नाहीतर सॅमसंगचे. २०१७ च्या आयफोन टेनपासून अ‍ॅपल सॅमसंगचे ओलेड पडदे घेतं, आणि २००७ च्या पहिल्या आयफोनचा प्रोसेसरही सॅमसंगनेच बनवला होता. जाहिरातींत एकमेकांची टर उडवणाऱ्या या कंपन्या मागच्या दाराने एकमेकांच्या गिऱ्हाईक असतात. त्यामुळे ‘आमच्या फोनमध्ये अमुक सेन्सर’ असं कंपनी छातीठोक सांगते तेव्हा ती आपल्या खरेदी खात्याचं कौतुक करत असते. स्वतःचं काम तिने किती केलं ते बघायला फोन चालू करावा लागतो.

आणि खरेदीची यादी तरी खरी असते का? २०१५ च्या आयफोन ६एसमधला ए९ प्रोसेसर काही फोनांत सॅमसंगने छापलेला होता, काहींत टीएसएमसीने. प्रत्यक्ष वापरात बॅटरी टिकण्यात फरक दोन-तीन टक्क्यांचा, असं अ‍ॅपलने सांगितलं. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस मालिकेचा मामला यापेक्षा ठसठशीत. एकाच नावाचा फोन अमेरिकेत स्नॅपड्रॅगनवर आणि भारत-युरोपात सॅमसंगच्या स्वतःच्या एक्झिनॉसवर. २०२० च्या एस२० मध्ये एक्झिनॉस जास्त तापतो आणि बॅटरी लवकर उतरते अशी ओरड इतकी झाली की ग्राहकांनी सह्यांची मोहीम काढली. भारताला मुख्य मालिकेत स्नॅपड्रॅगन मिळाला तो २०२२ च्या एस२२ पासून, आणि २०२४ मध्ये एस२४ अल्ट्रा सोडून बाकी दोघांत पुन्हा एक्झिनॉस आला. २०१७ मध्ये हुआवेच्या पी१० या फोनची तर सोडतच निघाली. एकाच मॉडेलच्या काही फोनांत साठवणुकीची चिप यूएफएस जातीची, तर काहींत तिच्याहून बरीच मंद ईएमएमसी. तुमच्या नशिबी कुठली आली ते खोक्यावर लिहिलेलं नव्हतं. साठवणुकीच्या चिपकडे ग्राहक ढुंकूनही पाहत नाही, पण वर्षा-दोन वर्षांनी ‘फोन हँग होतोय’ म्हणून तो जे सांगतो त्यात या चिपचा वाटा बराच असतो.

यातही आज्ञावलीचा हात पोहोचतो. गूगलच्या नावाने २०१२ मध्ये निघालेला नेक्सस ७ टॅबलेट काही महिन्यांत गोगलगाय व्हायचा. चिपवरची पुसलेली जागा ‘आता मोकळी झाली’ असं चिपला कळवण्याची सोय त्याच्या अँड्रॉइडमध्ये नव्हती. जुलै २०१३ मध्ये अँड्रॉइड ४.३ आलं, त्यात ती आली, आणि टॅबलेट पुन्हा चालू लागला.

आता थोडं मागे जाऊ. हार्डवेअर उत्तम आणि सॉफ्टवेअर ढिसाळ असेल तर काय होतं, याचं सगळ्यात महागडं उत्तर नोकियाने दिलं आहे. २००७ मध्ये नोकियाच्या एन९५ फोनमध्ये कार्ल झाइसचं भिंग असलेला ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा, व्हिडिओ, जीपीएस, थ्रीजी आणि मेमरी कार्ड होतं. त्याच वर्षी २९ जूनला विक्रीला आलेल्या आयफोनमध्ये २ मेगापिक्सेलचा कॅमेरा होता, तोही व्हिडिओ न काढणारा. थ्रीजी नाही, जीपीएस नाही, मजकूर कॉपी-पेस्टसुद्धा करता येत नव्हता. ती सोय यायला २००९ उजाडलं. यादी लावून तुलना केली असती तर आयफोन पहिल्याच फेरीत बाद झाला असता, आणि तशी तुलना करणारे तेव्हा कमी नव्हते.

एन९५ हातात घेतलेल्यांना मात्र एक गोष्ट जाणवायची. पाठीशी सगळं होतं आणि हाताशी काही लागत नव्हतं. सिम्बियन ही त्याची कार्यप्रणाली बटणांच्या, अपुऱ्या मेमरीच्या काळात वाढलेली. सेटिंगमध्ये मेनूच्या पोटात मेनू. बोटाने चालवायच्या पडद्यासाठी तिला ओढूनताणून बसवलं तेव्हा २००९ चा एन९७ जन्माला आला. त्यात ३२ जीबीची दणदणीत साठवण होती, पण कार्यप्रणालीला काही गोष्टी ‘सी’ नावाच्या कप्प्यातच ठेवायची सवय आणि त्या कप्प्यात मोकळी जागा पन्नासेक एमबीच्या घरात. चार अ‍ॅप टाकली, मेल थोडी साचली, की ३२ जीबीचा फोन ‘मेमरी भरली’ म्हणून गळा काढायचा. हे एवढं एक उदाहरण मला नोकियाच्या सगळ्या कहाणीपेक्षा जास्त बोलकं वाटतं. फोन घडवणारे आणि त्याची आज्ञावली लिहिणारे एका टेबलाशी बसले असते तर ३२ जीबीच्या शेजारी तो चिमुकला कप्पा कोणाच्या तरी डोळ्यांत खुपला असता. २०११ मध्ये नोकियाने सिम्बियन सोडून मायक्रोसॉफ्टचा हात धरला आणि एप्रिल २०१४ मध्ये फोनचा धंदाच मायक्रोसॉफ्टच्या हवाली केला.

सॉफ्टवेअर उसनं आणलं तर काय होतं, याचा खटला आपल्याकडेच झाला. वनप्लस ही नवी चिनी कंपनी २०१४ मध्ये आपला पहिला फोन घेऊन आली, तो सायनोजेन या अँड्रॉइडच्या सुधारित आवृत्तीवर चालायचा. फोनच्या मागे सायनोजेनचं नावही कोरलेलं. मधल्या काळात सायनोजेनच्या कंपनीने भारतापुरते हक्क मायक्रोमॅक्स या भारतीय फोन कंपनीला देऊन टाकले. डिसेंबर २०१४ मध्ये मायक्रोमॅक्स दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि वनप्लसच्या विक्रीवर बंदी आली. काही दिवसांतच खंडपीठाने ती उठवली, पण कंपनीने धडा घेतला आणि ऑक्सिजन ही स्वतःची आवृत्ती घाईघाईने उभी केली. पुढची काही वर्षं, हलकी आणि चपळ अशी तिची ख्याती हेच वनप्लस घेण्याचं अनेकांचं कारण होतं. २०२१ मध्ये ऑक्सिजनचा पाया ओप्पोच्या कलरओएसशी एक करण्यात आला आणि जुने चाहते हिरमुसले. फोनचे सुटे भाग त्याच दर्जाचे होते, तरीही.

अँड्रॉइडच्या जगात सॉफ्टवेअरचा दर्जा टिकवणं इतकं कठीण का, हे समजायला अपडेटचा प्रवास पाहावा. गूगल नवी आवृत्ती काढतं. ती क्वालकॉम किंवा मीडियाटेककडे जाते. ते आपल्या चिपसाठी तिच्यात जुळवाजुळव करतात. मग ती फोनच्या कंपनीकडे येते, कंपनी तिच्यावर आपला साज चढवते, आणि काही देशांत पुढे मोबाइल सेवा कंपनीही तपासून बघते. यातल्या कोणीही हात वर केले की खालच्यांचं काम अडतं. चिप कंपनीला जुन्या चिपसाठी खपण्यात काय रस? तिला नवी चिप विकायची असते. नेदरलँड्सच्या फेअरफोन या छोट्या कंपनीने क्वालकॉमचा आधार संपल्यावरही २०१५ च्या फेअरफोन २ ला अपडेट देत देत २०२३ पर्यंत नेलं. आणि फेअरफोन ५ साठी तिने फोनची नेहमीची चिप न घेता कारखान्यांतल्या यंत्रांसाठीची क्वालकॉमची चिप निवडली, कारण तिला जास्त वर्षं आधार मिळणार होता. यादीत ती चिप अगदीच साधारण दिसते. मला ती निवड फार शहाणी वाटते.

अ‍ॅपलला हा चौघांचा खो-खो खेळावा लागत नाही. चिप त्यांनीच आखलेली, कार्यप्रणाली त्यांचीच. २०१५ चा आयफोन ६एस आयओएस ९ घेऊन आला आणि २०२१ च्या आयओएस १५ पर्यंत चालत राहिला. २०१३ च्या ५एसला जानेवारी २०२३ मध्येसुद्धा सुरक्षेची डागडुजी मिळाली. त्या काळातला अँड्रॉइड फोन असा जपलेला दाखवणं अवघड आहे. आपल्याकडे दोन वर्षांनी फोन अडखळू लागला की लोक पुण्यातल्या तपकीर गल्लीसारख्या ठिकाणी जातात आणि दुकानदार सांगतो, ‘सॉफ्टवेअर मारावं लागेल.’ म्हणजे तीच जुनी आवृत्ती पुन्हा कोरी करून टाकणार. चार दिवस फोन पळतो.

स्वस्त फोनांचं सॉफ्टवेअर असं का असतं, याचं एक कारण त्यांच्या किमतीतच दडलं आहे. शाओमीचे लेई जुन यांनी एप्रिल २०१८ मध्ये जाहीर केलं, की फोनसारख्या वस्तूंवर कंपनी ५ टक्क्यांहून जास्त निव्वळ नफा घेणार नाही. टाळ्या पडल्या. उरलेली कमाई इंटरनेट सेवांतून, म्हणजे बऱ्याच अंशी जाहिरातींतून येणार होती, आणि त्या जाहिराती फोनमधल्या फाइल उघडायच्या आणि कचरा साफ करायच्या अ‍ॅपमध्येही दिसू लागल्या. त्या बंद करण्याची वाट होती. सेटिंगच्या तळाशी परवानग्यांच्या एका पानावर ‘एमएसए’ नावाची नोंद शोधायची, तिचं बटण बंद करायचं, मग दहा सेकंदांची उलटी मोजणी संपेपर्यंत थांबायचं, आणि एवढं करून बऱ्याचदा ‘परवानगी काढता आली नाही’ असा निरोप यायचा. मग पुन्हा पहिल्यापासून. हे कोणा प्रोग्रॅमरच्या हातून चुकून झालं असेल यावर माझा विश्वास बसत नाही. गंमत म्हणजे शाओमी जन्माला आली तीच सॉफ्टवेअर घेऊन. तिची एमआययूआय ही अँड्रॉइडची आवृत्ती ऑगस्ट २०१० मध्ये आली, पहिला फोन त्यानंतर वर्षभराने.

दुसरी खोड बॅटरीची. यादीत ‘दोन दिवस चालणारी बॅटरी’ दाखवायची तर पडद्याआड चालणारी अ‍ॅप मारून टाकणं हा सोपा उपाय. काही कंपन्यांचे फोन हे इतक्या निष्ठुरपणे करतात की गजर वाजत नाही, औषधाची आठवण येत नाही, आणि कचेरीचा निरोप आपण फोन उघडल्यावरच टपकतो. ग्राहक अ‍ॅपला दोष देतो. अ‍ॅप बनवणारा बिचारा प्रत्येक कंपनीच्या फोनसाठी ‘इथे जा, हे बटण चालू करा’ अशा सूचना लिहीत बसतो.

मराठी माणसाने सॉफ्टवेअरचा दर्जा तपासायची आणखी एक जागा आहे, ती म्हणजे देवनागरी. २०१०-११ च्या सुमारास अँड्रॉइड फोनवर मराठी पान उघडलं की चौकटीच चौकटी दिसायच्या. जाणकार मंडळी मग ऑपेरा मिनी टाकायची, पत्त्याच्या जागी ‘ऑपेरा:कॉन्फिग’ लिहून येणाऱ्या पानावर जटिल लिप्या चित्ररूपात दाखवण्याचा पर्याय चालू करायची, आणि मगच बातमी वाचता यायची. फोन पंचवीस हजारांचा असो की सहा हजारांचा, जोडाक्षरापाशी दोघांची सारखीच फजिती. २०११ अखेरच्या अँड्रॉइड ४.० पासून हे सुधारत गेलं. तरी ‘वऱ्हाड’ आणि ‘दुसऱ्या’मधला अर्धा र नीट उमटतो का, हे मी अजूनही नव्या फोनवर आधी पाहतो, आणि ‘श’ व ‘ल’ बहुतेक फोनांवर अजूनही हिंदी वळणाचेच येतात. महागड्यांनाही यातून सुटका नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेलुगूतलं एक जोडाक्षर निरोपात आलं की आयफोनचं निरोपाचं अ‍ॅपच कोसळायचं. अ‍ॅपलने काही दिवसांत आयओएस ११.२.६ काढून ते सावरलं. कोट्यवधी लोकांच्या रोजच्या लिहिण्यातलं अक्षर तपासायचं राहून गेलं होतं.

सॉफ्टवेअर हार्डवेअरवर पांघरूण घालतं तेव्हा प्रश्न अधिक नाजूक होतो. बॅटरी जुनी झाली की तिचा अंतर्गत रोध वाढतो. प्रोसेसरने एकदम जास्त वीज मागितली तर दाब कोसळतो आणि तीस-चाळीस टक्के दाखवत असतानाच फोन बंद पडतो. २०१६ अखेर आयफोन ६ आणि ६एसवाल्यांना हा अनुभव येत होता. जानेवारी २०१७ च्या आयओएस १०.२.१ मध्ये अ‍ॅपलने उपाय केला. बॅटरी थकलेली असेल तर प्रोसेसरचा वेग कमी करायचा. फोन बंद पडणं थांबलं, पण तो मंदावला, आणि का मंदावला हे कोणी सांगितलं नव्हतं. डिसेंबरमध्ये वेग मोजणारं अ‍ॅप बनवणाऱ्या जॉन पूल यांनी त्याच्या आकड्यांवरून ही गोष्ट उघड केली, अ‍ॅपलने कबुली दिली, आणि बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला. पुढे फ्रान्समध्ये अडीच कोटी युरोंचा दंड झाला आणि अमेरिकेत ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड. अभियंत्यांचा उपाय बरोबर होता असंच मी म्हणेन. पण बॅटरी बदलून काम भागलं असतं तिथे लोकांनी नवे फोन घेतले, आणि मौनाचा फायदा नेमका कोणाला झाला हे उघड आहे.

सॅमसंगने २०२२ मध्ये याहून वाईट केलं. एस२२ तापू नये म्हणून एक सेवा हजारो अ‍ॅपचा वेग आवळत होती. वेग मोजणारी अ‍ॅप मात्र तिच्या तावडीतून सुटलेली. म्हणजे परीक्षेत फोन पळणार आणि घरी चालणार. कंपनीला माफी मागावी लागली. काही बाबतींत मात्र पांघरूण पुरत नाही. २०१६ च्या गॅलेक्सी नोट ७ च्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या, तेव्हा एका पुरवठादाराच्या बॅटरीचा कोपरा दबलेला निघाला आणि बदली म्हणून घेतलेल्या दुसऱ्याच्या बॅटरीत सांधणीचे काटे. ११ ऑक्टोबरला सॅमसंगने तो फोनच गुंडाळला.

गेल्या काही वर्षांत स्पर्धा वचनांवर आली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलने पिक्सेल ८ ला सात वर्षांचे अपडेट देऊ केले, जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने एस२४ साठी तेवढीच मुदत जाहीर केली. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून हे कंपन्यांच्या मर्जीवर उरलेलं नाही. मॉडेलची विक्री थांबल्यापासून किमान पाच वर्षं अपडेट, सात वर्षं सुटे भाग, आणि ८०० वेळा चार्ज केल्यावरही ८० टक्के क्षमता राखणारी बॅटरी, असा तिथे नियम आहे. आपल्याकडे २०२४ अखेर सॅमसंगने गॅलेक्सी ए१६ ५जी हा फोन १८,९९९ रुपयांत आणला आणि त्यालाही सहा वर्षांचं वचन दिलं. त्याची मीडियाटेकची डायमेन्सिटी ६३०० चिप आजच मध्यम ताकदीची आहे. वचनातलं शेवटचं अँड्रॉइड त्यावर चढेल, पण ते कितपत हलेल हे सांगवत नाही. तोवर बॅटरी निदान एकदा तरी बदललेली असेल, आणि ती कंपनीची मिळाली की पेठेतल्या दुकानातली नकली, हे तालुक्याच्या गावी सर्व्हिस सेंटर आहे की नाही यावर ठरेल.